पुन्हा जुंपताना : 'ब्लॅक ब्यूटी'चे गुडघे

साहित्याच्या वर्गात घोड्याची गाठ पडते ती बहुधा टॉल्स्टॉयच्या 'खोल्स्तोमेर' या कथेत. श्क्लोव्स्कीने १९१७ सालच्या आपल्या निबंधात अपरिचितीकरणाचे उदाहरण म्हणून ती कथा वापरली. तेव्हापासून माणसांची 'मालकी' घोड्याच्या नजरेतून किती चमत्कारिक दिसते, हे समजावून देणे हा साहित्यसिद्धान्त शिकवणाऱ्यांचा जवळजवळ नित्यविधी होऊन बसला आहे. त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती त्या विधीतून जे पुस्तक वगळले जाते त्याबद्दल. टॉल्स्टॉयने ही कथा १८६०च्या दशकातच लिहायला घेतली होती हे खरे, पण ती प्रसिद्ध झाली १८८६ साली. त्याच्या नऊ वर्षे आधी, १८७७ मध्ये, ॲना स्यूएल या इंग्रज स्त्रीने संपूर्ण कादंबरी घोड्याच्या तोंडून सांगून टाकली होती. पण 'ब्लॅक ब्यूटी' आपल्याकडे बहुतेकांच्या हाती येते ती शाळकरी वयात आणि तीही संक्षिप्त रूपात. पुढे ती बालसाहित्याच्या कपाटातच राहते.

'ब्लॅक ब्यूटी' ही भूतदयेची पुस्तिका म्हणून नव्हे, तर कामाविषयीची कादंबरी म्हणून वाचायला हवी, असे आमचे म्हणणे आहे. त्यातही दुखापतीनंतर पुन्हा कामाला जुंपले जाणे म्हणजे काय, याविषयीची ही कादंबरी आहे. आजारातून उठणे, अपघातातून सावरणे, पुन्हा उभे राहणे या गोष्टींवर आपल्याकडे बरेच लिहिले जाते आणि त्यातले बहुतेक लेखन जिद्दीच्या खात्यावर जमा होते. माणूस पडला, त्याने मनाचा निर्धार केला आणि तो उठला. या साच्यात पडलेल्याला कोणी उठवले, किती दिवस थांबू दिले आणि उठल्यावर त्याच्या पाठीवर किती ओझे टाकले, या प्रश्नांना जागाच उरत नाही. स्यूएलला हे प्रश्न टाळता येण्यासारखे नव्हते, कारण तिचा नायक घोडा आहे. त्याच्या जिद्दीला कोणी विचारत नाही.

प्रथम खुद्द लेखिकेविषयी. ॲना स्यूएलचा जन्म १८२० चा. वयाच्या चौदाव्या वर्षी पावसातून शाळेतून घरी येताना ती घसरून पडली आणि घोट्याला दुखापत झाली. ती दुखापत आयुष्यभर बरी झाली नाही. चालणे अवघड झाले, म्हणून तिने लहानशी घोडागाडी हाकायला घेतली आणि हिंडण्याफिरण्यासाठी घोड्याचेच पाय वापरले, असे म्हटले तरी चालेल. १८५६ साली जर्मनीतील मारिएनबर्ग येथे उपचार घेऊन परतल्यावर काही काळ तिला बरे चालता येत होते, पण ती सुधारणा टिकली नाही. तिच्या गाडी हाकण्याविषयी तिच्या परिचयातील एका स्त्रीने लिहून ठेवले आहे की, लगाम ती नुसता हातात धरी आणि घोड्याला जे सांगायचे ते बोलून सांगे. मराठीत यासाठी 'चुचकारणे' असा नेमका शब्द आहे. अखेरच्या वर्षांत, म्हणजे ज्या वर्षांत ही कादंबरी लिहिली गेली त्या वर्षांत, तिला घराबाहेर पडणेही दुरापास्त झाले. अंथरुणावरून ती पेन्सिलीने चिटोऱ्यांवर मजकूर लिही आणि आई तो उतरवून घेई. १८७७ च्या नोव्हेंबरात पुस्तक आले. १८७८ च्या एप्रिलमध्ये ती गेली.

तेव्हा जिला पुन्हा लगाम धरता येणार नव्हता, अशा गाडी हाकणारणीने हे पुस्तक लिहिले आहे. ही चरित्रात्मक माहिती संहितेवर लादू नये असे आमचे काही मित्र म्हणतील. लादू नये हे कबूल. पण संहितेत जे आधीच आहे ते दिसायला तिची मदत झाली तर ती का नाकारावी?

आता गुडघ्यांकडे वळू. दारू प्यालेला रूबेन स्मिथ रात्री घोडा भरधाव पिटाळतो. नाल सैल झालेला असतो, तो निघून पडतो आणि अणकुचीदार दगडांवर घोडा गुडघ्यांवर कोसळतो. स्मिथ मरतो, घोडा वाचतो. पुढचे प्रकरण संक्षिप्त आवृत्त्यांत दोन ओळींत उरकले जाते, पण मूळ पुस्तकात ते सावकाश येते. जखमेत वाढलेले मांस दाहक औषधाने जाळले जाते, जखम भरल्यावर पुढच्या भागावरचे केस जावेत म्हणून आणखी एक औषध लावले जाते आणि मग घोड्याला महिना-दोन महिने एका लहान कुरणात एकटे सोडले जाते. पुढे सरदारसाहेब येतात, गुडघे पाहतात आणि ठरवतात की असले गुडघे आपल्या पागेत नकोत. घोडा धावू शकतो की नाही, हा प्रश्नच निघत नाही.

घोड्यांच्या बाजारात व्यंग आणि डाग या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. व्यंगामुळे काम अडते, डागामुळे किंमत उतरते. ब्यूटीच्या गुडघ्यांवरचे वण हा डाग आहे. पण गुडघ्यांवरचा वण याचा बाजारातला अर्थ 'हा एकदा पडलेला घोडा आहे' असा होतो, आणि एकदा पडलेला पुन्हा पडेल ही गिऱ्हाइकाची समजूत असते. म्हणजे तो वण भूतकाळाचे चिन्ह असताना वाचला मात्र भविष्याची खूण म्हणून जातो. चिन्हमीमांसेच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही. शिवाय पडण्याचा दोष ज्याचा होता त्याच्या अंगावर वण नाही. ही गोष्ट लेखिका कुठेही उघड बोलून दाखवत नाही.

यानंतर ब्यूटी भाड्याने घोडे देणाऱ्या तबेल्यात जातो. तेथे त्याला नाना तऱ्हेचे हाकणारे भेटतात, आणि स्यूएल त्यांची वर्गवारी मांडते. काही लगाम घट्ट ताणून धरणारे, तर काही लगाम इतका सैल सोडणारे की घोड्याच्या नालेत खडा अडकून तो लंगडू लागला तरी यांच्या गप्पा चालूच. तिसरे शहरी. त्यांना घोडा म्हणजे वाफेचे इंजिन वाटते. स्वतः सैल लगामाने हाकणारी लेखिका सैल लगामवाल्यांची अशी हजेरी घेते, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. तिच्या सैल लगामामागे अवधान होते आणि यांच्या सैल लगामामागे बेफिकिरी आहे, हा फरक ती जाणते. तत्त्व म्हणून दोन्ही एकच दिसतात. फरक हातात असतो. समीक्षकांनाही हे लागू पडते, पण तो विषय वेगळा. असो.

दुखापतीनंतर घोडा पुन्हा गाडीला लावायचा म्हणजे काय करायचे, हे ज्याने घोडे पाळले त्याला ठाऊक असते. लंगडणे थांबले म्हणजे घोडा बरा झाला, असे नव्हे. पायाच्या शिरेची सूज उतरते त्यानंतर कित्येक महिने ती शीर कच्चीच असते, आणि पुरी भरून यायला नऊ महिने ते वर्ष किंवा त्याहून अधिकही लागते. विश्रांतीच्या काळात स्नायू उतरतात. खूर वाढतात, ते तासून नाल नव्याने मारावे लागतात. साजाखालची कातडी मऊ पडलेली असते, तिथे पट्टा घासून लगेच जखम होते. चंदीही बेताने द्यावी लागते. काम बंद आणि दाणा मात्र पूर्वीइतकाच, असे केले तर पुन्हा जुंपल्याच्या पहिल्या दिवशीच घोड्याचे मागचे स्नायू आखडून तो जागच्या जागी ताठतो. आठवड्याची सुट्टी खाऊन सोमवारी कामावर आलेल्या घोड्यांत हे फार दिसे, म्हणून इंग्रजीत त्या दुखण्याला सोमवारचेच नाव पडले. म्हणून आधी हाताने चालवायचे, मग लांब दोऱ्यांवर, मग रिकामी गाडी, तीही सपाट रस्त्यावर आणि चालीने. दुडकी चाल नंतर. उतार सर्वांत शेवटी, कारण उतारावर गाडी ओढायची नसते, अंगावर येणारी गाडी मागे रोखून धरायची असते, आणि दुखावलेल्या पायांची खरी परीक्षा तिथे होते.

घोडा अडला, पान सडले, भाकरी करपली, या तिन्हींचे कारण एकच, ते म्हणजे फिरवले नाही, हे कोडे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यात घोडा पहिला आहे. भाषेत पागेचा केवढा संसार पडून आहे! चाकोरी, झापडे, लगाम, जुंपणे हे शब्द आपण टीकालेखात सर्रास वापरतो आणि बहुतेक वेळा दूषण म्हणून वापरतो. 'खोगीरभरती' हा त्यांतला सर्वांत अन्यायाने वागवलेला शब्द. पसरट लेखनाला आपण खोगीरभरती म्हणतो, पण खोगिरात भरती नसेल तर पाठ सोलवटून निघते. घोड्याला विचारले असते तर या शब्दाला एवढा वाईट अर्थ चिकटला नसता.

मूळ मुद्द्याकडे येऊ. कादंबरीत ब्यूटी दुसऱ्यांदा कोसळतो तो लंडनमध्ये, लडगेट हिलच्या चढावर. निकोलस स्किनर नावाच्या मालकाची भाड्याची गाडी, त्यात चार माणसे आणि वर सामानाचा ढीग. याआधी लेखिकेने 'सीडी सॅम' या गाडीवानाचे प्रकरण ठेवले आहे. त्याच्यावर घोड्यांना मारून काम घेत असल्याचा ठपका येतो. तो उत्तर देतो की, मालकाला रोजचे ठरलेले भाडे भरल्याखेरीज आपल्या पोटाला काही मिळत नाही. काही दिवसांत सॅम मरतो. चाबकाचा माग काढत गेले तर तो गाडीवानाच्या हातापाशी संपत नाही, हे स्यूएलला पक्के ठाऊक आहे. भूतदयेच्या पुस्तिकेत असे प्रकरण येत नाही. पुस्तिकेला एक दुष्ट गाडीवान पुरतो.

आपल्याकडेही ही गोष्ट केवळ पुस्तकी नव्हती. कादंबरीनंतर सहाच वर्षांनी, १८८३ साली, मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय स्थापन झाले. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत दिवसाला एकूण नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई आहे. तापमान ३७ अंशांवर असेल तेथे दुपारी बारा ते तीन जुंपण्यासही मनाई आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवल्या. तेव्हा झालेल्या चर्चेत एका बाजूला घोडा होता आणि दुसऱ्या बाजूला गाडीवानाचे पोट, जणू ही दोन्ही एकाच ताटात जेवत नव्हती. सीडी सॅम तेव्हा कोणाला आठवल्याचे दिसले नाही. निर्णय चूक होता असे आम्ही म्हणत नाही. चर्चा दरिद्री होती, एवढेच म्हणतो.

टॉल्स्टॉयच्या घोड्याला दुसरी संधी मिळत नाही. त्याचा मालक सेर्पुखोव्स्कोय पळून गेलेल्या प्रेयसीच्या मागे पंचवीस वर्स्ट त्याला पिटाळतो आणि घोडा कायमचा कामातून जातो. तेथून कथा उतरतच जाते, ती थेट कातडे सोलेपर्यंत. ती कथा थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण सर्वनाश रंगवणे कलावंताला तुलनेने सोपे असते आणि आपल्या अभिरुचीला तो खोलही वाटतो. पुन्हा कामाला लागणे रंगवणे अवघड, कारण त्यात घडत काहीच नाही. स्यूएलच्या पुस्तकात थरोगुड नावाचा शेतकरी नातवाच्या हट्टाखातर तो मोडका घोडा पाच पौंडांना घेतो, कुरणात सोडतो, सकाळ-संध्याकाळ चारा-दाणा देतो आणि थांबतो. हिवाळा जातो. वसंतात तो त्याला हलक्या गाडीला जुंपून काही मैल चालवून पाहतो. प्रकरण एवढेच. यात उत्कंठा नाही, म्हणून यात कला नाही, असे मानणाऱ्यांशी आमचा वाद आहे. थांबणे ही इथे कृती आहे, आणि ती करणारा घोडा नसून माणूस आहे.

त्यानंतर घोडा तीन बहिणींकडे नेला जातो. त्यांतली एक म्हणते की, एकदा पडलेल्या घोड्यामागे बसायची आपल्याला सदैव धास्ती वाटेल. वणाचे तेच जुने वाचन पुन्हा येते, फक्त या वेळी ते बाजाराचे नसून भित्र्या माणसाचे आहे. भित्रा हात लगाम ताणतो, आणि ताण घोड्याच्या तोंडाला कळतो. शेवटी घोडा परीक्षेपुरता ठेवून घ्यायचे ठरते. त्याला खरारा करताना मोतद्दाराच्या हाताला आणि डोळ्यांना वेगळीच चिन्हे लागतात. कपाळावरची पांढरी चांदणी, एक पांढरा पाय, पाठीवरचा पांढऱ्या केसांचा ठिपका. तो मोतद्दार म्हणजे जो ग्रीन. कैक वर्षांपूर्वी, पोरवयात, दौड करून घामाने निथळत आलेल्या याच घोड्याला त्याने गार पाणी पाजले होते, अंगावर झूल घातली नव्हती आणि आपल्या अजाणपणाने त्याला मरणाच्या दारात नेऊन ठेवले होते. गुडघे त्यालाही दिसतात, पण घोडा ओळखायला ते त्याच्या उपयोगी पडत नाहीत.

दुपारी ब्यूटीला एका बुटक्या गाडीला जुंपून दारात आणतात. बहिणींपैकी एलन लगाम हाती घेते आणि ग्रीन तिच्याबरोबर बसतो. बाई चांगली हाकते, असे घोडा आपल्याला सांगतो.