एरंडीच्या तेलाचं वंगण येतंय. पण म्हणून शेतात एरंड लावायचा का?

धुळे : बैलगाडीच्या जमान्यात आसाला वंगण घालायचं तर घरातलं एरंडीचं तेल पुरायचं. गाड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले आणि वंगण दुकानातून डब्यात यायला लागलं. आता जगभरातल्या प्रयोगशाळा आणि कंपन्या पुन्हा त्याच वनस्पती तेलांकडे वळल्या आहेत. एरंडी, करंज, मोह, सरकी यांच्या तेलापासून पर्यावरणपूरक वंगण बनवण्याचं काम आपल्या देशातही डेहराडून आणि हैदराबादच्या सरकारी संस्थांमध्ये झालं आहे. बातमी चांगली आहे. पण आपल्या शेतकऱ्याला त्यातून काय मिळणार, हे नीट समजून घ्यायला हवं.

काळं ऑइल जातं कुठे?

ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की जुनं काळं ऑइल कुठे जातं? थोडं दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून, थोडं स्लॅब टाकताना सेंट्रिंगच्या प्लेटांना, आणि उरलेलं गॅरेजमागच्या मातीत. पावसात ते नाल्यात उतरतं, नाल्यातून पांझरा, बुराई, तापीपर्यंत जातं. खनिज तेल मातीत लवकर कुजत नाही आणि वापरलेल्या तेलात इंजिनातल्या धातूंचे बारीक कणही असतात. कायद्याने हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं तेल गोळा करून त्यावर पुन्हा प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी तेल उत्पादक आणि आयातदारांवर टाकणारे नियमही लागू झाले आहेत.

वनस्पती तेलाचं तसं नाही. ते मातीतल्या जिवाणूंचं खाद्य आहे. लवकर कुजणारं वंगण म्हणून मान्यता मिळवायची तर साधारण २८ दिवसांत ६० टक्के विघटन व्हावं लागतं. बरीच वनस्पती तेलं ही परीक्षा पास होतात. शिवाय ती मूळचीच बुळबुळीत असतात आणि तापली तरी खनिज तेलाइतकी पातळ होत नाहीत.

मग घाण्यावरचं तेल इंजिनात का नाही?

भजी तळून झाल्यावर कढईच्या कडेला जो चिकट पिवळा थर बसतो, त्यात याचं उत्तर आहे. वनस्पती तेल उष्णता आणि हवेच्या संपर्कात घट्ट होतं, त्याचा चिकटा तयार होतो. इंजिनात हेच झालं तर रिंगा अडकतील. दुसरी अडचण थंडीची. मोहाचं तेल हिवाळ्यात थिजतं हे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना सांगायला नको.

म्हणून कच्च्या तेलावर रासायनिक प्रक्रिया करून त्याची रचना बदलावी लागते आणि वरून टिकाऊपणासाठी रसायनं मिसळावी लागतात. खरं वंगण तिथे तयार होतं आणि खर्चही तिथेच येतो. तेव्हा कुणाचं ऐकून ट्रॅक्टरच्या इंजिनात एरंडीचं तेल ओतू नका. इंजिन जाईल, वॉरंटीही जाईल.

डब्यात एरंडी आधीपासूनच आहे

गंमत म्हणजे एरंडी वंगणाच्या धंद्यातून कधी गेलीच नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांत एरंडीचं तेल वापरलं जायचं. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडीच्या इंग्रजी नावावरून, 'कॅस्टर'वरून आलं आहे. आज आपण बेअरिंगला जे लिथियम ग्रीस भरतो, ते घट्ट करणारा साबण बहुतेक वेळा एरंडीच्या तेलापासूनच बनतो. एरंडीच्या तेलात रिसिनोलेइक आम्ल जवळपास ८५ ते ९० टक्के असतं, त्यामुळे तिला ही मागणी आहे.

योग्य जागा कोणती?

जिथे तेल शेवटी मातीत, पाण्यात किंवा खाण्याच्या वस्तूत पडणारच आहे, तिथे वनस्पती वंगण सगळ्यात जास्त उपयोगी. लाकूड कापायच्या मशीनची चेन, सेंट्रिंगच्या प्लेटा, रसवंतीच्या चरकाचे गिअर, विहिरीवरची यंत्रं. युरोपात चेन मशीनसाठी असं तेल बऱ्याच वर्षांपासून विकलं जातं. आपल्याकडे सुरुवात इथूनच होऊ शकते, कारण इथे इंजिनाइतकी उष्णता नसते आणि प्रक्रियाही तुलनेने सोपी असते.

पैसा कुणाच्या हातात?

आता मूळ प्रश्न. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, पण त्यातला फार मोठा भाग एकट्या गुजरातचा आहे. बाजार तिथे, गिरण्या तिथे, निर्यातही तिथून. भाव तिथल्या आवकेवर आणि वायदे बाजारावर हलतो. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत भुईमूग, सोयाबीन, तीळ, सूर्यफूल, करडई आहे, एरंडी नाही. म्हणजे भाव पडला तर पाठीशी कुणी नाही.

चंद्रज्योतीचा धडाही विसरून चालणार नाही. डिझेलला पर्याय म्हणून देशभर तिचा गाजावाजा झाला. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. पडीक जमिनीत पाण्याविना भरघोस बी मिळेल हा अंदाज चुकला आणि ज्यांनी लावली त्यांच्या बिया घ्यायला कुणी आलं नाही. झाड वाईट नव्हतं. खरेदीची साखळी उभी राहण्याआधी लागवड करायला लावली, चूक ती होती.

शिरपूर, साक्रीच्या जंगलपट्ट्यात मोह आणि करंज आधीच उभे आहेत. दोन्हींच्या बिया केंद्राच्या गौण वनोपज हमीभाव योजनेत आहेत. तिथे नव्या लागवडीपेक्षा बी वेळेवर गोळा होणं, वाळवणं आणि बुरशी न लागता साठवणं जास्त मोलाचं. बी विकलं तर बियाचा भाव मिळतो. तेल काढून विकलं तर पेंडही आपल्याच हातात राहते. (एरंडीची पेंड खत म्हणून उत्तम, पण विषारी असते. जनावरांना चुकूनही घालू नका.)

मग करायचं काय?

कुणी लागवडीचा करार घेऊन आलं तर चार गोष्टी विचारा. खरेदीदार कोण? भाव कागदावर लिहिलाय का? माल नाही उचलला तर भरपाई किती? गिरणी कुठे आहे? उत्तरं तोंडीच मिळाली तर सही करू नका. बांधावर एरंडाच्या चार ओळी लावायला हरकत नाही, पण कपाशीचं रान त्यासाठी मोडू नका.

शेतकरी उत्पादक कंपन्यांना मात्र इथे संधी आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञान शिकवलं जातं. आपल्या भागातल्या तेलगिरण्या, ही संस्था आणि शेतकरी कंपन्या एकत्र बसल्या तर सेंट्रिंग ऑइल किंवा चेन ऑइलसारखं साधं उत्पादन इथेच करून पाहता येईल. लोकप्रतिनिधींकडे मागायचं तर हे मागा. नुसती रोपं वाटून काही होणार नाही.

आणि तोवर एक काम आजच करता येतं. ऑइल बदललं की जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवा आणि अधिकृतपणे गोळा करणाऱ्यालाच द्या. नवं वंगण येईल तेव्हा येईल, विहिरीतलं पाणी आजच वाचवायचं आहे.