करंड्याच्या आंत करंडा

रशियांतील सेर्गियेव्ह पोसाद हें गांव चौदाव्या शतकांतील मठासाठीं प्रसिद्ध आहे, आणि एकीच्या पोटांत दुसरी बसणाऱ्या लांकडी बाहुल्यांसाठींहि. तशी एक बाहुली कोणी आमच्या नातवास आणून दिली. तो ती उघडूं लागला, तों आम्हांस आमचें सोपारें आठवलें. वसईहून आगगाडीचें एकच स्थानक. परवां त्यास घेऊन गेलों.

तेथील विटांच्या स्तूपास लोक बुरूडराजाचा कोट म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं तो खणविला. आंत दगडी पेटी, तींत तांब्याचा करंडा, भोंवतीं आठ बुद्धमूर्ति. तांब्याच्या आंत रुप्याचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, शेवटीं सोन्याचा! आणि सोन्याच्या आंत काय? मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असा पंडितजींचा तर्क. खापरासाठीं एवढी कारागिरी!

"आजोबा, तो करंडा दाखवा ना."

"तो मुंबईस, एशियाटिक सोसायटींत."

"मग तुम्ही तो पाहिलाय?"

काय सांगावें? चाळीस वर्षें आम्हीं मुलांकडून अशोकाच्या शिलालेखांचीं स्थळें घोकून घेतलीं. सोपारें त्यांत होतेंच. पण एकाहि वर्गास येथवर आणलें नाहीं. मुंबईस नेण्याची गोष्ट दूरच. संस्कृताचे तास बुडतील, ही सबब असे.

पुढल्या शनिवारीं मुंबईस जावयाचें ठरलें आहे. बाहुली बरोबर घेणार, असा नातवाचा हट्ट आहे.