भिंतीवरचा खाडा

डिसेंबर सरत आला की पुण्याच्या कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर रोषणाई होते, बेकऱ्यांपुढे रांगा लागतात आणि पेठांमधली मंडळीही एखाद्या संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन ती गंमत पाहून येतात. मराठी ख्रिस्ती कुटुंबे सोडली तर नाताळ हा आपल्या घरातला सण नव्हे. तरी नाताळची एक गोष्ट मात्र आपल्या घरांत केव्हाच येऊन बसली आहे. चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' कुणी शाळेत संक्षिप्त रूपात वाचली, कुणी चित्रपटात पाहिली. ज्यांनी यांतले काहीच केले नाही, त्यांनीही नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर सोन्याच्या नाण्यांत डुंबणारे स्क्रूजकाका पाहिले आहेत. त्या बदकाचे नाव डिकन्सच्या या गोष्टीतल्या कंजूष शेठजीवरूनच ठेवलेले आहे.

हे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. त्या घटनेला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. व्हिक्टोरिया राणी गेली, तिचे साम्राज्य गेले. मग परक्या देशातली, परक्या सणाची ही गोष्ट अजून आपल्या मनाला का भिडते?

गोष्ट तशी साधी आहे. एबेनेझर स्क्रूज हा पैशाचा व्यवहार करणारा एकलकोंडा म्हातारा. नाताळच्या आदल्या रात्री सात वर्षांपूर्वी मेलेला त्याचा भागीदार मार्ले भूत होऊन येतो. त्याच्या अंगाला साखळदंड आहे आणि तो तिजोऱ्या, किल्ल्या, कुलुपे आणि हिशेबाच्या वह्यांचा बनलेला आहे. मग तीन आत्मे येतात. एक स्क्रूजला भूतकाळ दाखवतो, दुसरा वर्तमान आणि तिसरा पुढे येणारे एकाकी मरण. सकाळी उठतो तो वेगळाच माणूस.

भुताखेतांमुळे ही गोष्ट लक्षात राहते खरी. पण तिचा जीव दुसरीकडेच आहे. तो आहे एका सुट्टीत. स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंगांवर राबतो. त्याला नाताळची एक दिवसाची सुट्टी हवी आहे. स्क्रूज ती देतो, पण कुरकुरत. काम न करता दिवसाचा पगार द्यायचा, म्हणजे आपला खिसा कापला जातो, असे त्याचे म्हणणे. वर दुसऱ्या दिवशी लवकर हजर राहण्याची ताकीद. त्या बॉबच्या घरी एक लंगडे, आजारी पोर आहे, हे शेठजींच्या गावीही नाही. वहीत बॉबचा पगार आहे. बॉबचे घर नाही.

डिकन्सला हे कुठून सुचले? वडील कर्जापायी तुरुंगात गेले तेव्हा अवघ्या बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात काम करावे लागले होते. पुढे १८४३ साली खाणी-कारखान्यांतल्या बालमजुरांविषयीचा सरकारी अहवाल त्याच्या वाचनात आला. त्यावर तो एक पत्रक काढणार होता, पण पत्रकाऐवजी त्याने गोष्ट लिहिली. पत्रक काढले असते तर ते त्या वर्षापुरते राहिले असते.

त्याच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, आपल्याकडेही एका सुट्टीची कहाणी घडत होती. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' पत्र सुरू केले. काही वर्षांत ते मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले. महात्मा फुल्यांचे सहकारी असलेल्या लोखंड्यांनी गिरणी कामगारांचे हाल जवळून पाहिले होते. आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी, यासाठी १८८४ साली त्यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचे एक कारण म्हणून सांगितले जाते. आज आपण चहाचा कप हाती घेऊन निवांतपणे ही पुरवणी उघडतो, त्या निवांतपणामागे अशी माणसे आहेत.

सण आणि हिशेब यांचे नाते आपल्याला नवे नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपले व्यापारी हिशेबाच्या वह्या लक्ष्मीपुढे ठेवून त्यांना हळदकुंकू वाहतात. पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडते. मागचे येणे-देणे पाहायचे, चुकले असेल ते निस्तरायचे आणि पुढे जायचे. स्क्रूजने त्या रात्री वेगळे काय केले? त्यानेही जुनी वही उलटून पाहिली. पैशाची बाजू भरलेली होती, माणसांची बाजू कोरी होती. म्हणून मार्लेच्या साखळदंडातल्या वह्या मराठी वाचकाला परक्या वाटत नाहीत.

मात्र स्क्रूज म्हणजे कुणीतरी बडा शेठ, आपण सारे बॉब क्रॅचिट, असे समजून वाचले तर ही गोष्ट फारच सोयीची होते. मीही ती तशीच वाचत आलो होतो. मागच्या दिवाळीनंतर स्वयंपाकघरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढे महिन्याचा हिशेब करत उभा होतो. दुधाचे खाडे, पेपरचे खाडे, कामाच्या बाईंचे खाडे, सगळे त्याच पानावर. बाईंच्या नावापुढे चार फुल्या होत्या. त्यातली एक फुली भाऊबीजेच्या चौकटीत होती. तारीख लाल रंगात छापलेली आणि तिच्यावर माझ्या निळ्या पेनाची फुली. मला ती सुट्टी होती, पगारी होती. त्याच तारखेला भावाला ओवाळायला गेलेल्या बाईंचा मात्र खाडा मांडला गेला होता. तो मीच मांडला होता. मार्लेची साखळी कशी घडते, हे मला त्या दिवशी कळले. ती फुली फुलीने घडते.

या पुण्यातच १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. वेतनवाढीबरोबर भरपगारी रजेची मागणी तेव्हापासूनची आहे. कारखान्यांतल्या कामगारांसाठी १९६५ साली बोनसचा कायदा झाला. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, असा ठरला. घरोघरी भांडी घासणाऱ्या बाईला तो कायदा लागू नव्हता. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदा झाला, हे चांगलेच झाले. पण तिची सुट्टी आणि दिवाळी अजूनही बव्हंशी आपल्या मर्जीवर चालते.

डिकन्सवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. एका शेठजीचे मन पालटले, बॉबचा पगार वाढला. पण ज्यांच्या शेठजींना भुते दिसत नाहीत, त्यांनी काय करायचे? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर लोखंड्यांनी दिले आहे. हक्क मागून, संघटना करूनच मिळतो. पण कायदा उंबऱ्याशी थांबतो तिथे घरच्या माणसांचे मन सुरू होते. तिथे डिकन्सची गोष्ट अजून उपयोगी पडते, आणि म्हणूनच ती जुनी होत नाही. माणूस उतारवयातही एका रात्रीत सुधारू शकतो, एवढा विश्वास ती देते.

नव्या वर्षाची दिनदर्शिका आता भिंतीवर लागेल. भुताची वाट न पाहता एवढे तर करता येईल: ज्या तारखा आपल्यासाठी लाल आहेत, त्यांच्यावर दुसऱ्या कुणाचा खाडा मांडायचा नाही.