विश्लेषण : डॉक्टरांच्या लेखी लठ्ठ, विमा कंपनीच्या लेखी नाही, असे का?

मुलुंडहून रोज लोकलने फोर्टला जाणाऱ्या आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या एखाद्याची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७५ किलो आहे असे समजू. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की येतो बीएमआय. इथे तो सुमारे २७.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण निकषात लठ्ठपणा ३० पासून सुरू होतो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये तो २५ वर आणला.

भारतीयांसाठी वेगळा निकष कशाला?

बोलके उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. म्हणूनच भारतीय निकषांत कंबरही मोजतात : पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, महिलांसाठी ८०.

शस्त्रक्रिया कधी, हे कोण ठरवते?

बॅरिअॅट्रिक सर्जनच्या संघटना. ‘इफ्सो’ हा त्यांचा जागतिक महासंघ. भारतातील ‘ओबेसिटी अँड मेटाबॉलिक सर्जरी सोसायटी’ त्याची सदस्य. बीएमआय ४०, किंवा गंभीर आजार असल्यास ३५, हा निकष १९९१ पासून चालत आला होता. इफ्सो आणि अमेरिकी संघटनेने २०२२ मध्ये तो बदलला. आता ३५ च्या पुढे आजार असो-नसो शस्त्रक्रियेची शिफारस आहे. आशियाई लोकांना २७.५ पासूनच हा पर्याय द्यावा, असे त्यात म्हटले आहे. शस्त्रक्रियेची मर्यादा सर्जननीच खाली आणली, हे विसरून चालणार नाही. निर्णयाआधी सर्जन नसलेल्या तज्ज्ञाचे मत घेतलेले बरे. पण तेवढ्याने याज्ञिकांचा आकडा खोटा ठरत नाही.

विम्याचे काय?

गाडी अडते ती इथे. विमा नियामक ‘इर्डा’ने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या कलमात जुनेच आकडे आहेत : वय किमान १८, बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत अनियंत्रित टाइप २ मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप अॅप्निया. तेही इतर उपाय फसल्यावर.

म्हणजे मुलुंडच्या त्या प्रवाशाला दावा करायचा तर आणखी २० किलो वाढवून ९५ च्या पुढे जावे लागेल आणि मधुमेहही हाताबाहेर गेलेला हवा. असा आजार नसेल तर वजन १०९ किलो!

पॉलिसीत हे कलम ‘लठ्ठपणा/वजन नियंत्रण’ या नावाने वगळलेल्या बाबींच्या यादीत सापडते. ही शस्त्रक्रिया नियोजित असते, त्यामुळे दाखल होण्याआधीच पूर्वमंजुरी लेखी मागता येते. डॉक्टरांच्या पत्रात उंची, वजन, सोबतचे आजार आणि आधी केलेले उपचार तारखांसह नोंदवून घ्यावेत.