जुन्या सुकाणूवरील रंग

विकत घेतलेल्या जुन्या वस्तूत लपलेला दोष निघाला आणि पैसे तर देऊन झाले. अशा वेळी वरवर डागडुजी करून, रंगाचा हात फिरवून ती तिसऱ्याच्या गळ्यात बांधावी काय? हा प्रश्न बैलाविषयी, विहिरीवरील पंपाविषयी, मोटारसायकलीविषयी आम्हांस अनेकदा विचारला गेला आहे. ह्या खेपेस तो आला एका होडीच्या सुकाणूच्या निमित्ताने; आणि सुकाणूची गोष्ट अशी आहे की, तेथे गुळमुळीत उत्तर देऊन भागत नाही.

आमच्या धर्मग्रामात मांडवीच्या काठी राहणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या दोन मुलांसाठी वापरलेली शिडाची होडी घेतली. होडी 'एंटरप्राइज' जातीची. इंग्लंडातील नौकारचनाकार जॅक होल्ट ह्यांनी १९५६ साली ही जात तयार केली. लांबी ४ मीटरांहून किंचित अधिक, दोघांनी मिळून हाकावयाची, दोन शिडे आणि तीही निळी. भारतातील नौकानयनाच्या क्लबांत ह्या होड्या पुष्कळ वर्षे वापरात आहेत. त्यांतील जुन्या झालेल्या हळूहळू विकल्या जातात आणि कोणाच्या तरी अंगणात, नारळाच्या झापांखाली उपड्या पडून असतात. आपल्या मच्छीमार बांधवांच्या होडीहून ही हलकी आणि नाजूक. वल्ह्याची होडी वल्ह्यानेच वळते. हिची दिशा मात्र पाठीमागे लटकलेल्या एका हातभर लाकडी पात्यावर अवलंबून असते.

फेब्रुवारीतील एका दुपारी, समुद्रावरून वारा भरून आल्यानंतर, दोघे भाऊ नदीत होडी घेऊन गेले. वाऱ्याच्या एका झोतासरशी काडकन आवाज झाला आणि थोरल्याच्या हातातील सुकाणूचा दांडा एकाएकी हलका पडला. पाते मुळाशी मोडून गेले होते. नाळ वाऱ्याकडे फिरली, शिडे फडफडली आणि सावरण्यापूर्वीच होडी कलंडली. दोघांच्याही अंगात तरंगजाकिटे होती. जाळी ओढून परतणाऱ्या होडीने त्यांना काठास आणले, देवाची कृपा. तरंगत राहिलेले पातेही सापडले. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. मोडलेल्या तोंडाचा एक तृतीयांश भाग ताज्या लाकडाचा, पिवळसर होता. उरलेला काळा पडलेला, म्हणजे फार पूर्वीच फाटलेला. त्या काळ्या भेगेत लांबी भरलेली होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात होते. भेग आपोआप पडते. लांबी आपोआप भरली जात नाही.

सुकाणू त्याच जागी का मोडले, हे समजून घेण्याजोगे आहे. अशा होडीचे सुकाणू एकसंध नसते. वरचा भाग म्हणजे दोन फळ्यांचे गाल. ते होडीच्या मागच्या फळीवरील कड्यांत खुंट्यांनी अडकवलेले असतात. ह्या दोन गालांमधील फटीत पाते बसते आणि एका बोल्टाभोवती वरखाली फिरते. नदीचा तळ लागला, वाळूचा बांध आला, तर पाते वर उचलले जावे, म्हणून ही सोय. पण गाल जेथे संपतात तेथेच पात्यावर सर्वांत अधिक ताण येतो. बोल्टाच्या भोकातून व्हार्निश उडाले की उघड्या लाकडात पाणी शिरते. प्लायवुड असेल तर पापुद्रे सुटतात, अखंड लाकूड असेल तर ते भोकाभोवती कुजू लागते. त्यातच पाते पुरते खाली न सोडता तिरपे ठेवून होडी हाकण्याची सवय असेल, तर पाण्याचा दाब खुंट्यांपासून दूर जातो, तरफेप्रमाणे जोर वाढतो आणि दांडा हातात जड लागतो. दांडा जड लागणे म्हणजे सुकाणूने केलेली तक्रार होय. तरुण मुले ती आपल्या ताकदीची परीक्षा समजतात.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला लहानशा सुकाणूची उपमा दिली आहे, ती वाचकांस ठाऊक आहेच. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातील गोष्ट मात्र खलाशाच्या नजरेने क्वचित वाचली जाते. संत पौल ज्या तारवात होता त्यात २७६ माणसे होती. त्या तारवाला आजच्यासारखे मागे लटकणारे एक सुकाणू नव्हते, तर दोन्ही बाजूंस बांधलेली मोठी वल्ही होती; म्हणून मूळ ग्रीक वचनात 'सुकाणू' हा शब्द अनेकवचनी आहे. मागच्या बाजूस मधोमध बसवलेले सुकाणू चीनमध्ये पहिल्या शतकातील मातीच्या नौकाप्रतिकृतीवर दिसते, तर युरोपात ते बाराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागते. इंग्लंडातील विंचेस्टर येथील प्रधानमंदिरात त्या शतकातील काळ्या दगडाचे स्नानसंस्काराचे कुंड आहे. खलाशांचा पालक संत निकोलस ह्याच्या चमत्कारांची चित्रे त्यावर कोरली आहेत, आणि तेथील नौकेला असे सुकाणू आहे. असो.

आता दुरुस्ती की नवे? पात्याची मागची धार चेपली असेल, टोकाचा टवका उडाला असेल, तर दुरुस्ती अवश्य करावी. भोक सैल झाले असेल तर कुजके लाकूड पटाशीने काढून, पाते पूर्ण वाळवून, भोक मुद्दाम मोठे करावे, ते घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरावे आणि त्यात पुन्हा योग्य मापाचे भोक पाडावे. म्हणजे बोल्ट लाकडाला लागतच नाही आणि पाणी शिरण्यास वाट राहत नाही. टोक मोडले असल्यास तिरपा सांधा करून नवे लाकूड जोडता येते; तिरपेपणा जाडीच्या निदान आठपट लांब हवा, म्हणजे २० मिलिमीटर जाडीस १६० मिलिमीटर. परंतु पाते गालांच्या तोंडाशीच मोडले असेल, तर आमच्या मते सांध्याच्या भानगडीत पडू नये. तेथे ताण सर्वाधिक आणि जागा सर्वांत अपुरी.

गावातील मिस्त्रींनी नवे पाते करण्याचे पत्करले. जुन्या तुकड्यांची जुळणी करून त्यांनी प्रथम पुठ्ठ्यावर आकार घेतला. लाकडाविषयी त्यांचे म्हणणे आम्हांस पटले: प्लायवुडच वापरावयाचे तर ते आय. एस. ७१० छापाचे मरीन प्लायवुड असावे, फर्निचरचे नव्हे. पण प्लायवुडात निम्मे थर आडव्या रेषेचे असतात आणि पात्याला वाकवणाऱ्या जोरापुढे ते फारसे कामास येत नाहीत. म्हणून त्यांनी लाकडाच्या अरुंद पट्ट्या घेतल्या, एकाआड एक उलट्या फिरवल्या, म्हणजे फळी पुढे वाकडी होत नाही, आणि त्या शेजारी शेजारी चिकटवल्या. सागवान वापरणाऱ्याने चिकटविण्यापूर्वी ते ॲसिटोनने पुसावे, कारण त्याचे तेल चिकटद्रव्यास धरू देत नाही. पात्याची पुढची धार गोलसर, मागची निमुळती, आणि सर्वांत अधिक जाडी पुढच्या धारेपासून सुमारे एक तृतीयांशावर असावी. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर होडी एका अंगास ओढते. गालांत बसणारा भाग मात्र सपाट ठेवून जुन्याच जाडीचा करावा. बोल्ट व खुंट्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा काशाच्या. लोखंड गंजते आणि साधे पितळ खाऱ्या पाण्यात आतून पोखरले जाते. इपॉक्सी दमट हवेत सुकली की वर मेणचट थर धरते. तो पाण्याने धुऊन, काचकागद फिरवूनच पुढचा हात द्यावा. वरून व्हार्निश किंवा रंग हवाच, कारण उन्हाने इपॉक्सी बिघडते.

हे सर्व करण्यास पैसा लागतो, आणि आमच्याकडे आलेला प्रश्न तेथूनच निघाला. मुलांच्या आईला होडी आता घरात नको होती. वडील म्हणाले, "फादर, आम्हांला कोणी सांगितले होते? आम्ही जशी घेतली तशीच विकू. जुने पाते चिकटवले की कोणाला कळणार?" ते वाईट मनाचे गृहस्थ नव्हेत. फसवला गेलेला माणूस काही दिवस असेच बोलतो.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात ह्याच प्रश्नाचा विचार आपल्या धर्मविद्येच्या महाग्रंथात, दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या खंडात, ७७व्या प्रश्नात केला आहे. दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमतही त्या मानाने कमी घेतली असेल, तर विकणाऱ्याने तो ओरडून सांगण्याचे बंधन नाही. पण दोष लपलेला असून त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा जिवाला धोका असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. पडावयास झालेले घर भक्कम म्हणून विकणे हे त्यांनीच दिलेले उदाहरण. आणखी एक गोष्ट ते सांगतात, ती आम्हांस विशेष मोलाची वाटते. विकणाऱ्यास दोष ठाऊक नसेल तर त्याच्याकडून पाप घडत नाही. परंतु तो कळल्यावर नुकसान भरून देणे त्याचे कर्तव्य होते. म्हणून ही लांबी कोणी भरली हे ठरवण्याची घाई आम्ही केली नाही. होडी दोनतीन हातांतून आलेली होती. वडिलांनी विकणाऱ्यास मोडलेल्या तोंडाच्या छायाचित्रासह पत्र पाठवावे, एवढे आम्ही सुचवले. उत्तर अद्याप आलेले नाही. येवो न येवो, त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाशी आपला व्यवहार बदलत नाही, हे आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले. पुढचे गिऱ्हाईक म्हणजेही कोणाची तरी दोन मुलेच. "मग तोटा आम्हीच सोसायचा?" असे त्यांनी विचारले. होय, विकणाऱ्याकडून भरपाई मिळेपर्यंत तुम्हीच, असे आम्ही म्हणालो. ह्याहून गोड उत्तर आमच्यापाशी नव्हते.

तीन दिवसांनी ते मिस्त्रींकडे गेले. होडी विकावयाची की ठेवावयाची हे घरात अजून ठरलेले नाही. विकली तर जुने पातेही सोबत देऊन सर्व सांगावे, असे मुलांच्या आईनेच सुचवले आहे.

जुनी होडी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. सुकाणू काढून उन्हात न्यावे. पाते टोकाशी धरून हलके पिळावे. भेग असेल तर तोंड उघडते. बोटाच्या पेराने ठोकत जावे. जेथे आवाज बद्द येतो तेथे लाकूड कुजलेले असण्याचा संभव. व्हार्निशखाली काळे डाग असल्यास तेथे पाणी शिरले आहे. नवा रंग केवळ सुकाणूलाच दिलेला असेल, तर तो खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. ती नाकारली गेल्यास चहा घेऊन परत यावे.

नव्या पात्याची पहिली चाचणी मंद वाऱ्यात, काठाजवळ, एक वल्हे होडीत ठेवूनच करावी. सुकाणू गेलेच, तर शिडे उतरवून ते वल्हे मागून धरले की होडी वळवता येते. वल्हेही नसेल, तर पुढचे लहान शीड ताणून मोठे सैल सोडल्यास नाळ वाऱ्यापासून दूर जाते, आणि मोठे ताणून पुढचे सैल सोडल्यास ती वाऱ्याकडे येते. एवढे मुलांनी चांगल्या दिवशी शिकून ठेवावे. होडी कलंडल्यावर सुकाणू कड्यांतून निसटू नये म्हणून एक लहान पट्टी असते, तीही जागेवर आहे ना, हे पाहावे. पावसाळ्यात पाते काढून घरात, सावलीत, सपाट ठेवावे; भिंतीला टेकवून ठेवल्यास ते वाकते.