ऐरण भंगारात घालू नका

बंद पडलेल्या कारखान्याच्या जंगम मालमत्तेचा लिलाव होतो, तेव्हा ऐरण, व्हाइस, भाता हे जिन्नस भंगार म्हणून वजनावर विकले जावेत, ही प्रथा मला सर्वथा अनिष्ट वाटते. घडीव लोखंडाच्या धडावर पोलादाचा जाड थर जोडून, त्यास पाणी देऊन सिद्ध केलेली जुनी इंग्रजी ऐरण शंभर वर्षांनंतरही घाव सोसते. तिच्या कुशीवरील तीन आकडे अनुक्रमे हंड्रेडवेट, त्याचे चतुर्थांश आणि पौंड दर्शवितात, म्हणजे १-२-४ अशी खूण असल्यास वजन १७२ पौंड, सुमारे ७८ किलो. घेणाऱ्याने मात्र रंगरूपास भुलू नये. बेअरिंगची गोळी वीतभर उंचीवरून माथ्यावर सोडावी. ती जवळजवळ तेवढीच उसळली तर पोलाद शाबूत आहे, आणि जागीच मंदावली तर ऐरण बहुधा बिडाची आहे किंवा आगीत सापडून तिचे पाणी उतरले आहे, असे समजावे. नुकताच घासून चकचकीत केलेला माथा तर अधिकच संशयास्पद, कारण कठीण थर त्या घासण्यातच झिजतो. कडा थोड्या झडल्या असल्या तरी चालते. लिलावाचा हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्यांनी अशी अवजारे वेगळी काढून, ती प्रथम लोहारांना व तंत्रशाळांना रास्त किमतीत देऊ करावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.