बाक दिलं, मैदान नाही

अमेरिकेतल्या लिट्ल रॉकचं सेंट्रल हायस्कूल. सरकारी शाळा. २५ सप्टेंबर १९५७ ला नऊ काळी पोरं लष्कराच्या पहाऱ्यात आत गेली, हे आपण भाषणात घसा फोडून सांगतो. पुढचं सांगत नाही. त्यांना अट होती : वर्गात बसा. खेळाच्या संघात नाही, बँडमध्ये नाही, गाण्यातही नाही. मिनीजीन ब्राऊनला गायचं होतं. फेब्रुवारी १९५८ मध्ये तिला शाळेतनंच काढलं. मे महिन्यात अर्नेस्ट ग्रीन पास झाला, त्याचं नाव पुकारलं, तर गोऱ्यांच्या हातांना लकवा मारला. टाळी नाही.

का? वर्गात कोपऱ्यात बसवता येतं. संघात अंगाला अंग लागतं. आणि स्टेजवर चढलो, तर त्यांनी खाली बसून आपल्याकडं बघायचं!

माझ्या शाळेत गॅदरिंगला मला काम असायचं : सतरंज्या झटकायच्या. नाटकात नाव नाही. गुरुजी म्हणायचे, 'स्कॉलरशिप मिळतीय ना? मग गप अभ्यास कर.' मी गप बसलो. लाज वाटते.

अन् आपले मोर्चे? फीमाफी, हॉस्टेल, स्कॉलरशिप. परवा वस्तीतली पोरगी विचारत होती, 'दादा, कबड्डीच्या संघात मला का घेत नाहीत?' आपल्या मागण्यांच्या कागदावर तिच्यासाठी एक ओळ नाही.